हलकं पान

मुरुमला माझं बियाण्याचं दुकान आहे. त्याची वेबसाइट करणारा हा माणूस भेटला की एकच विचारतो, "अजून काय कमी करायचं?" हलती चित्रं गेली, रंग गेले, माझा फोटोही गेला.

"तयार कोड लई जड असतोय, मालक, पान उघडाया येळ लावतोय. म्या हातानं साधं लिवतो."

परवा त्यानं मला मोटरसायकलवर माकणीच्या वाटेला नेलं, मुद्दाम रेंजची जेमतेम एक काडी उरते तिथं. मोबाइलवर दुकानाचं पान झटकन उघडलं. लेक पास झाल्यासारखा त्याचा चेहरा फुलला. पानावरचा दुकानाचा नंबर मी तिथूनच लावला. लागेना.

"ते माझ्या हातात न्हाय," म्हणत त्यानं पान पुन्हा उघडलं. "तुमचा फोटो असता, तर हेबी उघडलं नसतं बघा."

शाबासकी द्यावी की भांडावं, मला अजून कळलेलं नाही.