खुर्चीखालची तारीख

तुम्ही ज्यावर शेवटची सही केलीत, तो कागद वाचला होतात का?

नव्वदच्या दशकात आखातातल्या मुहर्रकला आमच्या बिल्डिंगखालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे किराणा दुकानात, रत्नागिरीकडचा एक मेकॅनिक रोज यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीखसुद्धा तो बोट ठेवून वाचायचा. दुकानदार चिडवायचा, "चाचा, बिस्कुट है, बम नहीं!"

एका संध्याकाळी त्याचा फोरमन मागोमाग आला. "कल साइन कर, नहीं तो व्हिसा खलास," असं दबक्या आवाजात बजावून गेला. मी मेकॅनिकला कारण विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. हा एका गुप्त तुकडीच्या विमानांवर कामाला होता. शत्रूकडे असतात तसली परदेशी लढाऊ विमानं उडवून ती तुकडी वैमानिकांना झुंजीचा सराव द्यायची. संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीच्या स्फोटक काडतुसावरची मुदतीची तारीख परक्या लिपीत होती. ती कोणालाच वाचता येत नव्हती, पण 'तपासलं' म्हणून सही याची हवी होती.

"विमान गुपित आहे रे पोरा," तो म्हणाला, "त्यात बसणाऱ्याची आई गुपित नाय. मी सही करणार नाय."

दोन दिवसांनी तो बॅग घेऊनच दुकानात आला. व्हिसा गेला होता.

"आणि ते विमान?"

"उभंच आहे. माझ्यामागून दुसऱ्या कोणीपण सही केली नाय."

प्रवासासाठी बिस्किटं घेतली, तारीख वाचली आणि तो निघाला.

उद्या तुमच्यापुढेही असा कागद सरकवतील. वाचता आला नाही, तर पेन खाली ठेवा.