ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा

सौद्यात मी कधी हरलो नाही. एकदाच फसवलं, आणि तेही ज्यानं कधी घासाघीस केली नाही त्याला.

मोठ्या दुष्काळात खडी फोडायचं सोडून मी नांदेड गाठलं आणि तिथं दुकानांचे बोर्ड रंगवायला शिकलो. पुढं अहमदपूरला येऊन स्वतःचा धंदा मांडला. लातूर जिल्हा झाला तेव्हा माझं नशीब उघडलं. जिथं तिथं ‘जिल्हा उस्मानाबाद’ पुसून ‘जिल्हा लातूर’ लिहायचं होतं. मी रोज सकाळच्या एसटीनं लातूरला जाऊ लागलो.

बोर्ड हे पोटासाठी. मला माणसं काढायची होती. शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी माझी वही सगळ्या वर्गापुढं धरून सांगितलं होतं, “हा फार तर पाट्या रंगवील.” ते मी विसरलो नाही, अजूनही नाही.

गाडी नांदेडहून भरूनच यायची, अहमदपूरला निम्मी उतरायची आणि लगेच पुन्हा भरायची. ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून बसायची एक सीट असते, तिथं बसलं की अख्खी गाडी समोर दिसते. मला तीच जागा हवी असायची, पण गर्दीत ती मिळायची नाही. एक दिवस एका माणसानं खिडकीतून टॉवेल टाकून ती धरली. मी त्याच्याशी कडाकडा भांडलो. तो लातूरला नव्या कचेऱ्यांच्या बांधकामावर माल कालवायला जायचा. त्या सालीही पाऊस नव्हता, शेतात काम नव्हतं. माझं ओरडणं संपल्यावर तो म्हणाला, “बसा की. दोघाला हाय जागा.”

माझ्या मांडीवरच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिल फिरताना त्यानं पाहिली आणि विचारलं, “माझं बी काढता का?”

मी लगेच सौदा केला. “रोज माझी जागा धर. तुझं चित्र काढतो.”

“हाव,” तो म्हणाला. कधी, केवढं, काही विचारलं नाही.

दोन वर्षं त्यानं जागा धरली. गाडी थांबायच्या आत, दाराशी रेटारेटी चालू असताना, त्याचा चुन्यानं पांढरा पडलेला टॉवेल सीटवर जाऊन पडलेला असायचा. मी समोरची माणसं काढत राहिलो. तोंड उघडं टाकून झोपणारे गुरुजी. कोर्टाची फाईल पोटाशी धरलेला म्हातारा. पाहुण्याकडून आणलेला पाण्याचा कॅन दोन पायांत दाबून बसलेली नर्स. वाटेतलं चाकूर येईपर्यंत एक चेहरा व्हायचा. तो शेजारून बघायचा आणि हसायचा. “गुरुजीचं नाक लई ब्येस जमलं. माझं कधी?”

“तू शेजारी बसतोस. शेजारच्याचं कसं काढू?”

“मग समोर बसू का?”

“मग इथं दुसरा येऊन बसेल अन् मला कोपर मारील. थांब जरा.”

तो थांबला.

पुढं एका नव्या कचेरीच्या उद्घाटनाचे बोर्ड माझ्याकडं आले. साहेबांना घाई होती. मी अडून बसलो, “बोर्ड वेळेत देतो, पण आठ दिवस व्हरांड्याची भिंत मला द्या.” दिली त्यांनी. तीस चित्रं लावली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना साहेबांनी माझी ओळख करून दिली, “हे आपले पेंटर.” माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात माझी जागा धरणारा तो आला. धुतलेलं धोतर, सोबत बायको आणि दोन पोरी. बायकोला म्हणाला, “हे बघ, हे चित्रकार. म्या सांगत व्हतो ते.” मला चित्रकार म्हणणारा तो पहिला माणूस. मग चौघं एकेका चित्रापुढं थांबत व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

“मी कुठं हाय?” त्यानं हळूच विचारलं.

पाहुणे बाजूलाच उभे होते. मला लाज वाटली आणि लाजेचा राग आला. एका चित्रात दांडी धरून उभा असलेला पाठमोरा माणूस होता. कोण होता देव जाणे. मी तिकडं बोट केलं. “हा काय तू. नीट बघ ना!”

तो बराच वेळ बघत राहिला. बायको म्हणाली, “ह्यो कुठला तुमी? तुमच्या सदऱ्याला पाठीवर ठिगळ हाय. ह्याला कुठं हाय?”

“खुळी का काय? चित्रात ठिगळ काढत नसतेत,” तो म्हणाला. मग त्यानं धाकटीला उचलून चित्राजवळ नेलं. “बघ, तुझा बाप.”

दुसऱ्या दिवशी टॉवेल सीटवर होताच. मी रात्री झोपलो नव्हतो. त्याला म्हणालो, “आज तू समोर बस. चेहरा काढतो.”

“आता कशाला?” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. “काढलंय की.”

त्याला खरं चित्र द्यायचं तर आधी कालचं खोटं कबूल करायला हवं होतं. शिरूर गेलं, चाकूर गेलं. बोर्डाच्या गिऱ्हाइकांशी तासन् तास हुज्जत घालणारा मी, माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. महिन्याभरात त्याचं बांधकाम संपलं आणि तो दिसायचा बंद झाला. कुठल्या गावाहून यायचा, हे मी कधी विचारलं नव्हतं.

ते पाठमोऱ्या माणसाचं चित्र माझ्याकडंच आहे. एकदा रंग घेऊन बसलो, निदान ठिगळ तरी काढावं म्हणून. ब्रश तसाच धरून राहिलो. दोन वर्षं मांडीला मांडी लावून बसलो होतो, पण ते ठिगळ कोणत्या खांद्याखाली होतं आणि कोणत्या रंगाचं, मला माहीत नव्हतं.