आत्याची खोली आणि बेलभंडार

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. बायको म्हणते, तुम्ही चहासुद्धा वास घेऊन पिता. घेतो. चाकणजवळच्या ज्या गावात आमची हयात गेली, तिथं वास न घेता पिणारे सगळे बुडाले. मी आकुर्डीला कंपनीत होतो. सायकलवरून जाता-येता बघत होतो. शेतात टेप धरलेली माणसं दिसली की थोड्याच दिवसांत तिथं कुंपण पडायचं, आणि जमिनीचा मालक त्याच कुंपणाच्या गेटवर वॉचमन होऊन उभा असायचा.

त्यामुळे सत्तर सालानंतर कधीतरी, सेकंड शिफ्टला निघालो असताना, आमच्या धर्मशाळेच्या भिंतीला टेप लावलेली दिसली तेव्हा मी तिथंच सायकलवरून उतरलो. शिफ्ट गेली खड्ड्यात.

धर्मशाळा जुनी, दगडी. एसटी सुरू झाल्यापासून मुक्कामाला कुणी येत नव्हतं. मागच्या खोलीत तेवढी माझी आत्या राहायची. ती विधवा, मूलबाळ नाही. वाटसरूंना पाणी द्यायचं, झाडलोट करायची, त्या बदल्यात गावानं तिला ती खोली दिलेली, तीही तोंडी. आमच्या घरी ये म्हणून मी किती वेळा म्हटलं असेल. "भाच्याच्या दारात भाकर ग्वाड लागती, पर चार दिस," म्हणायची. आयुष्यात तिची स्वतःची अशी ती एकच जागा होती. ती गेली असती तर म्हातारपणी तिला कुणाच्या तरी उंबऱ्यात बसावं लागलं असतं, आणि त्याचीच तिला भीती होती.

टेप धरणारा ओव्हरसियर कोकणातला. तरुण, हळू आवाजात बोलणारा. म्हणाला, इथं सरकारी दवाखाना करायचाय, बायकांच्या बाळंतपणाची सोय होईल, इमारत दणकट आहे, पाडायची गरज नाही. इतकं गोड बोलतोय म्हटल्यावर कुठंतरी पाणी मुरतंय अशी माझी खात्रीच झाली.

"मागच्या खोलीचं काय?" मी विचारलं.

"राहील की. आजी राहिल्या तर दवाखान्याला राखणच होईल."

काम सुरू झालं. कौलं उतरली, मग सागवानी तुळया उतरल्या. त्या आता परस्पर लाकडाच्या वखारीत जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी प्रत्येक तुळईवर कोळशानं खूण करून ठेवली. तुळया तेलपाणी होऊन खुणांसकट परत जागेवर चढल्या. मग माझा संशय आणखीच वाढला. हाताशी आलेलं सागवान सोडणारा माणूस नक्कीच मोठ्या घबाडावर डोळा ठेवून असणार.

तो दुपारचा डबा आत्याच्या दारात बसून खायचा. एकदा सुट्टीच्या दिवशी बायकोला आणि दोन लहान मुलींना काम दाखवायला घेऊन आला. आत्यानं पोरींना शेंगा भाजून दिल्या, धाकटीच्या डोक्याला तेल चोळलं, वेणी घातली. मी लांबून बघत होतो. माया लावून घर काढून घ्यायचं, हा धंदा काही नवा नाही.

शेवटी मीच आत्याच्या मागं लागलो, की ह्याच्याकडून काहीतरी पक्कं करून घे. तो ऑफिसातून सहीशिक्क्याचा कागद आणून द्यायला तयार होता. आत्याच नको म्हणाली.

"कागुद भिजतोय, फाटतोय. त्याला बेलभंडार उचलाय सांग."

आमच्याकडं हा शेवटचा उपाय. खंडोबाच्या देवळात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडला, तर ते लेकराबाळांना भोवतं. बांधाची भांडणं, भावकीचे तंटे त्यावर मिटायचे. कोर्टात बिनदिक्कत खोटं बोलणारी माणसं देवळाच्या पायरीवर गप्प व्हायची. मला आत्याचं म्हणणं फार पटलं. कागद खोटा करता येतो राव, पोटच्या पोरी कुठून खोट्या आणणार?

तो आला. चपला काढल्या. चार माणसांसमोर भंडारा हातात घेऊन म्हणाला, "ह्या आजींना त्या खोलीतून कुणी काढणार नाही. काढलं तर माझ्या मुलींची आण." पान बेलाचंच आहे ना, ते मी वाकून बघून घेतलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा निर्धास्त झोपलो.

दवाखाना उघडायच्या आधीच त्याची बदली झाली. नवा साहेब आला, त्यानं नकाशा उघडला आणि मागची खोली औषधं ठेवायला लागेल म्हणाला. मी त्याला बेलभंडाराची सगळी हकिगत सांगितली. त्यानं ती नीट ऐकून घेतली.

"लेखी काही आहे का?" त्यानं विचारलं.

मी देवळाकडं बोट दाखवलं. सोमवारी सामान बाहेर काढू, असं सांगून तो गेला.

माझं डोकं फिरलं. रविवारी गावातली माणसं जमवली आणि उद्या खोलीच्या दारात आडवं पडायचं ठरवलं. आत्याला सांगायला गेलो तर खोली रिकामी. जमीन सारवलेली, भिंती झाडलेल्या. धमकावलं असणार तिला, दुसरं काय? मी तसाच सरपंचाच्या घरी गेलो, त्याला नको नको ते बोललो. तो बिचारा देवाशपथ सांगत होता, मला काही माहीत नाही. माझा विश्वास बसला नाही. तणतणत घरी आलो, तर आत्या आमच्या पडवीत बोचक्याला टेकून बसलेली.

"कुणी काढलं तुला? नुसतं नाव सांग."

"कुणी न्हाई. माजी मी निगाले."

"अगं, पण आम्ही सगळे उद्या येणार होतो. बघितलं असतं कोण काढतंय ते."

"आन् काढलंच आसतं म्हंजी?" ती म्हणाली. "मला काडली की आण मोडली. ती त्या पोरींच्या डोस्क्यावं हाय. मीच ठिवलीया. धाकटीची येणी घातलीया रं मी ह्या हातानं."

नव्या साहेबावर चिडलो होतो, सरपंचावर चिडलो होतो, आता तिच्यावरही चिडता येईना. ती मात्र घाईला आलेली.

"देवळात जाऊन ये," म्हणाली. "देवाला सांग, कुणी काडली न्हाई, आपल्या पायानं गेली. मोट्यानं सांग."

मी गेलो. खंडोबासमोर उभा राहून मोठ्यानं सांगितलं, की आमच्या आत्याला कुणी काढलं नाही, ती आपल्या पायानं गेली. देवाला ते खरं वाटलं का, ह्याची मला अजून शंका आहे.