आईंचा फॉरवर्ड

सासूबाई नोव्हेंबरात आमच्याकडे अमेरिकेत, अल्फारेटाला आल्या. सासरे जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. कोल्हापुरातल्या घरात त्या एकट्याच राहत होत्या आणि माझ्या नवऱ्याला ते पटत नव्हतं. त्यांना कायमचं इथेच ठेवून घ्यायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. ग्रीन कार्डसाठी त्याचं वकिलाशी बोलणंही सुरू होतं. आईंना मात्र यातलं काही माहीत नव्हतं. "एक हिवाळा काढू दे तिला, मग सांगू," असं तो मला म्हणाला होता.

मी घरूनच काम करते. माझी खोली खाली बेसमेंटमध्ये आणि आईंचा दिवस वरच्या मजल्यावर. कॉलवर असताना मला डोक्यावर त्यांची पावलं ऐकू यायची. ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून डेकपर्यंत, आणि परत. त्या वर्षी आमच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललं होतं. मॅनेजरने अचानक मीटिंग टाकली की आज आपलाच नंबर, असं मला वाटायचं. वर त्या फेऱ्या मारत, खाली मी दर पाच मिनिटांनी ईमेल बघत. घरात कुणालाच एका जागी धड बसवत नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांना कॉलनीत फिरायला न्यायचे. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी गेलो' असंच बोलतात. लग्नानंतर सुरुवातीला पुण्याच्या मला ते ऐकून गंमत वाटायची, पुढे त्याची सवय झाली.

"मी रोज बघतो," त्या एकदा म्हणाल्या. "एवढी घरं हाईत, पण माणसं कुठं असत्यात गं?"

"ऑफिसात असतात, आई."

"आणि शनिवारी?"

"गाडीत," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

अशाच एका शनिवारी सकाळी नवऱ्याने टीव्हीवर स्पेनमधली फुटबॉलची मॅच लावली. तो लॅपटॉपवर काहीतरी करत अधूनमधून बघत होता. आई पोहे घेऊन आल्या, त्याला बशी दिली आणि स्वतःची बशी हातात धरून उभ्याच राहिल्या. पोहे गार होऊन गेले.

"ऑफसाइड हाय," त्या अचानक म्हणाल्या. पंचाची शिट्टी त्यानंतर वाजली.

मी नवऱ्याकडे बघितलं. "कोल्हापूरची आहे ती," तो म्हणाला, जणू त्यात सगळं आलं. मग आईंनीच सांगितलं. त्यांचं माहेर मैदानाच्या मागच्या भिंतीला लागून होतं. तिथे प्रत्येक पेठेच्या तालमीचा आपापला संघ असतो आणि मॅचच्या दिवशी अर्धं गाव मैदानावर लोटतं. मुलींना तिकडे पाठवायचे नाहीत, म्हणून या गच्चीवरून बघायच्या. त्यांचे दोन्ही भाऊ खेळायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंच्या तोंडून फुटबॉल हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

मॅच संपल्यावर पडद्यावर नावांचा एक तक्ता आला. आईंनी तो कशाचा म्हणून विचारलं. सीझनभरात सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला तिकडचा एक पेपर दरवर्षी बक्षीस देतो, त्या शर्यतीत सध्या कोण कुठे आहे त्याचा तो तक्ता, असं नवऱ्याने सांगितलं. बक्षिसाला शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका फॉरवर्डचं नाव आहे आणि तेही खरं नाव नव्हे, मित्रांनी ठेवलेलं टोपणनाव.

"टोपणनावाचं बक्षीस?" आई खूश झाल्या. "आमच्याकडच्या खेळाडूंचंबी तसंच. खरं नाव विचारलंस तर घरच्यास्नीबी आठवायचं न्हाई."

त्या दिवसापासून शनिवार-रविवार त्यांचे झाले. नवऱ्याने रिमोटवर कुठलं बटण दाबायचं ते शिकवलं आणि बाकीचं त्यांनी आपलं आपण जमवलं. तक्त्यात मोठमोठ्या क्लबांचे तरणेबांड हिरो होते, पण त्या डिसेंबरात सगळ्यांच्या वर एका लहानशा क्लबचा माणूस होता. पस्तिशीला टेकलेला, अंगाने जाड, डोक्यावर टक्कल. आईंनी त्यालाच धरलं.

"ह्याला धड पळताबी येत न्हाई," त्या मला दाखवायच्या. "पण बघ की, बॉल यायच्या आधीच हा तिथं जाऊन उभारतोय. बाकीचे बॉलमागं पळत्यात."

मला मैदानावर नुसती पळापळ दिसायची. पण त्याची मॅच असली की आईंच्या फेऱ्या थांबत आणि त्या सोफ्याच्या अगदी कडेला येऊन बसत. आठवड्याचे बाकीचे दिवस मात्र आधीपेक्षा वाईट गेले. बुधवारीच विचारायच्या, "शनिवारी किती वाजता हाय?" गुरुवारी परत तेच.

जानेवारीत मी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. दरवर्षी ठेवते, मंडळातल्या बऱ्याच जणी येतात. या वेळी आई घरात होत्या आणि त्यांना कुंकू लावायचं, तेही सगळ्यात आधी, असं मी ठरवलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तिला विचारलंस का?" त्यात विचारायचं काय, असं मला वाटलं. सासरे गेले म्हणून आईंना आत बसवणाऱ्यांपैकी मी नव्हते.

शनिवारी दुपारी घर भरलं. तिळगूळ, वाणाच्या वाट्या, साड्यांची चौकशी. मी करंडा घेतला आणि आईंना हाक मारली. उत्तर आलं नाही. खोलीत नव्हत्या, डेकवर नव्हत्या. दारातले त्यांचे बूट गेले होते, खुंटीवरचं जॅकेटही नव्हतं. फोन उशाशी पडलेला.

मी हॉलमध्ये येऊन सांगितलं. एक काकू हळूच म्हणाल्या, "अगं, त्यांना असं सगळ्यांच्यात अवघड झालं असेल." दुसरी म्हणाली, "एखादा दिवस त्यांना कुणाकडे तरी पाठवायचंस." सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट लिहिलेली होती आणि मलाही तीच खरी वाटली. बायकांना तशाच बसवून मी गाडी काढली. नवरा दुसरी गाडी घेऊन उलट्या दिशेला गेला.

बाहेर बोचरी थंडी होती. कॉलनीच्या गेटाबाहेर फूटपाथ संपतो आणि पुढे नुसता रस्ता, सुसाट गाड्यांचा. साडी, जॅकेट आणि बूट घातलेली एक बाई त्या कडेने चालत गेली असेल, या विचाराने मी गाडी हळू करून दोन्ही बाजू बघत निघाले. तळ्यापर्यंत जाऊन आले. लायब्ररीत बघितलं. नवऱ्याचा फोन आला, देवळातही नाहीत. पोलिसांना कळवायचं का, असं आम्ही बोलत होतो, एवढ्यात तो म्हणाला, "थांब. त्या पेट्रोल पंपाशेजारी मेक्सिकन टाकोजचं दुकान आहे बघ. मागच्या आठवड्यात पेट्रोल भरताना आई त्याच्या काचेतून आत टक लावून बघत होती."

मी पोचले तेव्हा दुकानाबाहेरच मला आतला आरडाओरडा ऐकू आला. आत टीव्हीखाली सात-आठ माणसं उभी, कुणी रंगाऱ्याच्या कपड्यांत, कुणी एप्रनमध्ये. त्यांच्या मधोमध खुर्चीवर सासूबाई. एक हात वर करून त्या टीव्हीवरच्या पंचाला कोल्हापुरीत काहीतरी ऐकवत होत्या, ते इथे लिहिता येणार नाही. शेजारचा माणूस तेच स्पॅनिशमध्ये म्हणत असावा.

"आई!"

त्यांनी वळून बघितलं. "आलीस? बस. ह्याचाच गोल हाय, आणि पंच दुसऱ्याच्या नावावर लिवतोय."

त्यांच्या टकल्या फॉरवर्डने मारलेला बॉल समोरच्या बचावपटूच्या पायाला घासून आत गेला होता आणि पंचाने तो बचावपटूचा स्वयंगोल ठरवला होता. सगळं दुकान त्यावर तापलेलं. गल्ल्यावरच्या बाईने माझ्यासाठी खुर्ची सरकवली. मी नवऱ्याला मेसेज केला आणि बसले. मग मी विचारलं, "आई, हळदीकुंकवाचं मनाला लागलं का?"

"कसलं?"

"म्हणजे, सगळ्या बायका आल्या होत्या... तुम्हाला वाटलं असेल..."

"अगं, तीनला मॅच होती," त्या म्हणाल्या. "हॉलात तुझ्या बायका बसलेल्या. त्यास्नी उठा म्हणू काय?" मग टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "कुंकवाचं तू मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. मला तसलं मधे बसवून घ्यायला आवडत न्हाई. तुझा जीव चांगला हाय, पण ते माझं मी बघतो."

गल्ल्यावरच्या बाईने आमच्यापुढे गरम चॉकलेटचे दोन कप आणून ठेवले. तिने पैसे घेतले नाहीत. आईंना ती काहीतरी लांबलचक सांगत होती आणि आई "व्हय, व्हय" म्हणत होत्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं.

घरी आलो तेव्हा बायका निघून गेल्या होत्या. तिळगुळाचा डबा उघडाच होता.

पुढचे दोन दिवस आईंनी मला कामच करू दिलं नाही. पंचाने काहीही लिहिलं तरी बक्षीस पेपर देतो आणि गोल कुणाचा ते पेपर आपल्यापुरता वेगळं ठरवू शकतो, हे त्यांना नवऱ्याकडून कळलं होतं. "बघ की, काय लिवलंय," म्हणत त्या बेसमेंटच्या जिन्यावर येऊन उभ्या राहायच्या. मी कॉलवर म्यूट करून पेपरची वेबसाइट मराठीत भाषांतर करून बघायचे. सोमवारी दुपारी दिसलं की पेपरने गोल त्यालाच दिलाय. आई जिन्यावरच मटकन बसल्या आणि पदराने तोंड पुसलं.

त्यानंतर त्याचे गोल आटले. एक मॅच गेली, दुसरी गेली, पोटरीला काहीतरी झालं म्हणून तो बाकावर बसू लागला. मोठ्या क्लबचा एक पोरगेलासा खेळाडू बघता बघता तक्त्यात त्याच्या पुढे गेला. मला वाटलं आई आता नाद सोडतील. पण शनिवारी त्या टाकोजच्या दुकानातच जायच्या. मी सोडायचे, दोन तासांनी आणायचे. तिथे त्यांची खुर्ची ठरलेली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी, रात्रीचं जेवण चालू असताना त्या म्हणाल्या, "मला आता जाऊ दे. तिकीट अलीकडचं घे."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. आणि मग जे हळूहळू सांगायचं ठरलं होतं, ते त्याने सगळं एकदम सांगितलं. वकील, कागदपत्रं, वरची खोली कायमची तुझी, कोल्हापूरचं घर भाड्याने देऊ.

"मला न विचारता?" आई म्हणाल्या.

"तुझ्यासाठीच करतोय ना? तिकडे तू एकटी आहेस, आई. रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"तिकडं दार उघडलं की मला चार माणसं दिसत्यात. इथं शनिवारपर्यंत थांबायला लागतंय."

तो चिडला. ताट सरकवून उठला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. मी मधे पडले नाही. आईंचं बरोबर होतं, आणि तो घाबरलेला होता हेही मला दिसत होतं. बाबा गेले तेव्हा विमान उतरेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते त्याच्या मनातून जात नव्हतं. आईंनी भांडी घासली, हात पुसले आणि त्याही गॅरेजमध्ये गेल्या. आत काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लॅपटॉपवर तिकिटं बघत होता. डोळे सुजलेले होते.

मार्चमध्ये आई गेल्या. एप्रिलमध्ये माझी नोकरी गेली. कित्येक महिने धास्ती घेतलेली मीटिंग अखेर दहा मिनिटांत उरकली. मग मी दिवसभर वरच्या मजल्यावर असायचे. अर्ज पाठवायचे, उत्तर आलं का बघायचे, ओट्यापासून खिडकीपर्यंत जायचे. खाली कुणी नव्हतं, त्यामुळे माझी पावलं कुणाला ऐकू येत नसावीत.

मे महिन्यात सीझनच्या शेवटच्या दिवशी सकाळी आईंचा फोन आला. त्यांच्याकडे संध्याकाळ होती. कोल्हापुरात ती मॅच कुठेच दिसत नव्हती. "तू बघून सांग," त्या म्हणाल्या.

बक्षीस त्या पोरगेल्या हिरोला मिळणार हे केव्हाच पक्कं झालं होतं. मी तरीही टीव्ही लावला आणि फोन कानाला धरून सांगत बसले. "बॉल पुढे गेला."

"कुठनं? डावीकडनं का उजवीकडनं?"

"उजवीकडून. आता... कुणीतरी पडलं."

"कोण? अगं, नंबर बघ की पाठीवरचा!"

शेवटी शेवटी त्यांचा फॉरवर्ड मैदानात उतरला. तो या सीझननंतर खेळायचं थांबवणार, असं समालोचक म्हणत होता आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी आईंना सांगितलं. मग एका कॉर्नरला तो सगळ्यांपासून बाजूला सरकला, दोन पावलं मागे, जिथे कुणीच नव्हतं तिथे. मी म्हटलं, "आई, तो तिथे जाऊन उभा राहिलाय. बॉल अजून आलाच नाहीये."

"येतोय बघ," त्या म्हणाल्या.

बॉल आला. त्याने डोकं लावलं आणि तो बारवरून गेला. मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी एक मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "नोकरीचं काय झालं?"

"दोन ठिकाणी बोलावलंय."

"मिळंल. जेवलीस काय?"

"आई, इथे सकाळचे साडेअकरा वाजलेत."

"मग नाश्ता तरी केलास काय? जा, आधी काहीतरी खा. मला भाकऱ्या थापायच्या हाईत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.