शिवणयंत्राची किंमत

अकरावीच्या इंग्रजीच्या मॅडमनी माझ्या मुलीला फसवलं. मार्क देऊन फसवलं.

इकडे आखातात, रुवीत माझं टाइल्सचं दुकान आहे. दुसऱ्याच्या गोदामात खोकी उचलली, भाव करत करत वर आलो. गिऱ्हाइकाशी तासभर बोलू शकतो. पण बायको गेल्यावर घरात काय बोलायचं ते सुचेना. जवळच्याच वादी अदाई भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. मुलीचं मराठी अडखळतं, माझं इंग्रजी बिलापुरतं.

त्या वर्षी मॅडमनी वर्गाला कविता उलगडायला शिकवलं. लिहिणाऱ्यानं हेच का लिहिलं, दुसरं का नाही, असं विचारत जायचं. मुलीला त्याचा नाद लागला. सकाळी शाळेत सोडताना ती मला गाडीत कविता मराठीत सांगायची. एका कवितेत एक बाई आईचं शिवणयंत्र विकायला काढते आणि अवाच्या सवा किंमत सांगते.

"हावरट दिसते," मी म्हणालो.

"नाही बाबा. तिला ते विकायचंच नाहीये. कस्टमर निघून जावा म्हणून ती तेवढी प्राइस सांगते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही पण आईच्या गाडीचं तसंच करता."

बायकोची छोटी गाडी बिल्डिंगखाली धूळ खात उभी होती. विचारायला आलेला माझा भाव ऐकून हसत परत जायचा. मला वाटायचं, मी धंदा करतोय. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले, माझा पाय ब्रेकवरून उठेना. त्या दिवशी आम्ही तिच्या आईबद्दल पहिल्यांदा बोललो. मग रोज थोडं थोडं बोलायला लागलो.

परीक्षेत ती कविता आली, तिनं तेच लिहिलं, बाईला यंत्र विकायचंच नाहीये. उत्तरावर लाल काट आली. पेपर दाखवायच्या दिवशी आमच्याकडे पालक अर्ध्या-अर्ध्या मार्कासाठी मासळीबाजारासारखे भांडतात. मीही उभा राहिलो, आवाज चढवला.

"सर, इस में नोट्स के पॉइंट्स नहीं हैं," मॅडम म्हणाल्या.

"नोट्स छोडो. उस ने क्या लिखा है, वो पढो."

मागे रांग होती. त्यांनी वाचलं नाही. काट तशीच ठेवून शेजारी पूर्ण मार्क लिहिले. "खलास? खूश?"

इतक्या चटकन कोणी भाव उतरवला की मला संशय येतो. मुलगी मात्र पेपर हातात धरून तिथंच थांबली. "मॅम, मतलब मेरा सही था?"

"मार्क्स मिल गए ना? बोर्ड में नोट्स वाला ही लिखना."

तिनं ऐकलं. नोट्स पाठ केल्या. गाडीत ओठ हलवत उत्तरं घोकायची. एकदा मी विचारलं, "आज कुठली कविता?"

"सांगण्यासारखं काही नसतं, बाबा. आन्सर रेडी असतात."

इंग्रजीत ती शाळेत पहिली आली. आता पुण्यात शिकते. फोनवर कॉलेज, मेस, हवा यांच्या गोष्टी होतात. आईचा विषय निघत नाही. मी काढला तर ती म्हणते, "बाबा, नंतर बोलू."

त्या मॅडम अजून त्याच शाळेत कविता शिकवतात. मॅडम, मार्क हवे तर परत घ्या. पण माझ्या मुलीनं विचारलं होतं, बरोबर होतं का. आधी तिचं उत्तर वाचा. मग बरोबर की चूक, आणि चूक असेल तर का, ते तिला फोन करून तुम्ही स्वतः सांगा.