आमचे साडू आणि रेडिओचं काम

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आता वय झालं, म्हणून सांगून टाकतो. तुंगार्लीला राहणाऱ्या माझ्या साडूंइतकं लांबचं पाहणारा आणि जवळचं काहीही न दिसणारा माणूस अख्ख्या मावळात सापडणार नाही. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना महाकाय रेडिओ दीर्घिकांचं, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या प्रचंड तारकाविश्वांचं, वेड लागलं. रेडिओ दुर्बिणींनी टिपलेली चित्रं संगणकावर उघडून ते दिवसभर फिकट डाग शोधत बसत. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी कप रिकामा करून "छान झालाय" म्हणत. भेटेल त्याला दीर्घिका समजावून सांगत. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी भर पंगतीत व्याह्यांना गाठलं. "दीर्घिकेच्या मधलं कृष्णविवर उपाशी बसलेलं असतं. शेजारची दीर्घिका अंगाला घासून गेली की वायू ढवळून त्याच्या पानात पडतो. आग्रहाचं जेवण हो! मग दोन बाजूंना झोत सुटतात, लाखो प्रकाशवर्षं लांब."

"म्हणजे दोन्हीकडून ढेकर?" व्याह्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर!" म्हणत साडूंनी मठ्ठ्याच्या हातानेच त्यांचा हात हातात घेतला. व्याह्यांनी पुढची जिलबी नको म्हटली.

त्याच सुमारास त्यांना एका चित्रात अशाच झोतांच्या टोकांसारखे दोन जुळे डाग सापडले होते. त्या डागांच्या मधोमध दीर्घिका दिसली, की शोध साडूंचा. रोज फोन करून मला सांगत. मी कंटाळलो होतो. कुसगावात आमच्या शेजारच्या मावशींनी विचारलं, "तुमचं साडू दिसभर करत्यात तरी काय?" मी म्हणालो, "रेडिओचं काम." त्या काय समजतील ते मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी साडूंच्या दारात. "आबा, आमचा रेडू नुस्ता खरखरतोय."

साडू भिडस्त. जन्मात पेचकस न धरलेल्या माणसाने बोटं भाजून घेत तो दुरुस्त केला. मावशींनी गावभर सांगितलं. मग वलवणच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर आला, कुणाचा स्पीकर आला. "लय गुणी मानूस!" म्हणत लोक ओसरीवर चहाला बसू लागले. संगणकावर धूळ साचली. वर्षभराने ते फोनवर हसत म्हणाले, "साडूबुवा, आपली ती डागांची जोडी दुसऱ्यांनी जाहीर केली. मधली दीर्घिका सापडली त्यांना." एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

परवा मात्र धीर करून गेलो. कानाने त्यांना आता कमी ऐकू येतं. "तो मावशींचा रेडिओ... ते मीच..." एवढं म्हणालो, तर त्यांनी हात पुढे केला. "रेडिओ? आणा की, बघतो."

काय करणार? दुसऱ्या दिवशी घरचा रेडिओ घेऊन गेलो. त्यांनी तो उघडला, फुंकर मारली, लावून पाहिला.

"हा तर ठणठणीत आहे. मग आलात कशाला?"

"सहज," मी म्हणालो.