पुसलेली काच

रक्त जुळतं की नाही हे बघण्याचं काम मी नाशिकच्या एका दवाखान्यात काही वर्षं केलं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. माझी प्रयोगशाळा म्हणजे खिडकीपाशी एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, स्पिरिटची बाटली आणि काचपट्ट्या. रोग्याचं रक्त गोठलं की वर जे पिवळं पाणी सुटतं, त्याचा एक थेंब पट्टीवर घ्यायचा. रक्त देणाऱ्याचा थेंब मिठाच्या पाण्यात पातळ करून त्यात मिसळायचा आणि पट्टी हळूहळू हलवत राहायची. रंग एकसारखा गुलाबी राहिला, तर रक्त जुळलं. दूध नासावं तसे लाल कण वेगळे झाले, तर ते रक्त रोग्याला मारणार. एवढ्या विद्येवर मी आळीत अर्धा डॉक्टर म्हणून मिरवत होतो.

डॉक्टरांचा नियम एकच होता. काच पुसायच्या आधी त्यांना दाखवायची.

एके दिवशी दुपारी पंचवटीतल्या एका पुजाऱ्यांच्या घरची सून आणली. सकाळी घरीच बाळंत झाली होती. मूल सुखरूप होतं, पण हिचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी ते थांबवलं, तोवर बाईचे ओठ चुन्यासारखे झाले होते. नवऱ्याचं रक्त तपासलं, गुठळ्या झाल्या. सासरे सत्तरीचे, त्यांचं घेण्यात अर्थ नव्हता. वडील मनमाडला रेल्वेत होते, पण ते गाडीने येईपर्यंत ती टिकली नसती. डॉक्टर तिची नाडी धरून बसले होते, तिथूनच मला म्हणाले, "आता तुझं बघ."

मी बोटाला सुई टोचली, थेंब मिसळला, पट्टी हलवली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रंग गुलाबीच. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर एकेक पेशी सुटी, मोकळी.

शेजारी तबकात ती जाड सुई आणि मोठी काचेची पिचकारी उकळून ठेवली होती. मला भीती वाटली. हिवतापातून नुकताच उठलो होतो, आई सारखी म्हणायची की अंगात रक्त नाही, वगैरे कारणं मी पुढे सावकाश गोळा केली. त्या घडीला नुसती भीती होती. हात स्पिरिटच्या बोळ्याकडे गेला आणि मी काच पुसून टाकली.

"गुठळ्या झाल्या," मी सांगितलं.

"काच आण."

"घाईत पुसली गेली."

डॉक्टर पुन्हा नाडीकडे वळले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. ते मला रागावले असते तरी आज जरा बरं वाटलं असतं.

व्हरांड्यात मालेगावचा एक मुसलमान विणकर बसला होता. त्याच्या आईच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. दार उघडंच होतं, त्याने सगळं ऐकलं असणार. तो आत आला आणि म्हणाला, "साब, मेरा देख लो." मी त्याचा थेंब मिसळला आणि पट्टी हलवताना देवाची जेवढी विनवणी केली, तेवढी परीक्षेच्या निकालाच्या वेळीही केली नव्हती. रंग गुलाबी राहिला. ती काच मी दोन्ही हातांत धरून डॉक्टरांना नेऊन दाखवली. तोवर विणकर बाही वर करून बाकावर आडवा झाला होता. सुई आत गेली तेव्हा छताकडे बघत त्याने एवढंच विचारलं, "बच्चा कैसा है?"

दिवेलागणीपर्यंत बाईच्या ओठांना रंग आला.

सासऱ्यांनी मला जिन्यापाशी गाठलं. "रक्त कोणी दिलं हो?" खरं सांगितलं तर हे सुनेला घरात घेतील का, अशी शंका माझ्या मनात आली. ती अगदीच पोकळ नव्हती, पण तिच्याआड मला लपायला छान जागा मिळाली. "इथल्याच माणसाचं आहे," मी म्हणालो. त्यांनी माझ्या बोटावरचा कापूस बघितला आणि मला हात जोडले. मी नाही म्हटलं नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेला ती मूल कडेवर घेऊन आमच्या घरी आली. "मला सख्खा भाऊ नाही," ती म्हणाली. "तुमचं रक्त माझ्या अंगात आहे, मग मी ओवाळायचं कुणाला?" आईला धन्य धन्य वाटलं. मी पाटावर बसलो. मान वर होईना. तिला वाटलं, दादा लाजाळू आहेत.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी तो विणकर दवाखान्यात आला. त्याची आई आता हिंडत-फिरत होती. काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं होतं. "उस बहन के लिए," तो म्हणाला, "खुद बुना है." पंचवटी काय, पुलापलीकडे होती. त्याला घेऊन जाता आलं असतं, निदान घर दाखवता आलं असतं. "मी पोचवतो," मी म्हणालो, आणि त्यावर त्यानेच माझे आभार मानले.

लुगडं चार दिवस माझ्या ट्रंकेत पडून राहिलं. रोज ठरवायचो, आज जाऊन सगळं सांगून टाकू. मग भाऊबीज आली. तिने ओवाळलं, तबक पुढे धरलं. ओवाळणी घाल, अशी आईने डोळ्यांनी खूण केली. मी उठलो, ट्रंक उघडली आणि ते लुगडं तिच्या तबकात ठेवलं.

त्याच्या पुढच्या भाऊबीजेला ती तेच नेसून आली. हिरवं, लाल काठाचं. काठावरून हात फिरवत म्हणाली, "वर्षभर नेसतेय, दादा, पण रंग जरासुद्धा गेला नाही. कुठून आणलंत?"

"मालेगावचं आहे," मी म्हणालो. त्या सगळ्या वर्षांत मी तिला खरं सांगितलं ते एवढंच.